कातळावरचे सेल्फ-पोर्ट्रेट: जुन्या छायाचित्रण पद्धतींपैकी कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे. मूळ गाव राजापूर तालुक्यात, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, गेलेल्या, शिक्षण आणि नोकरी पुण्यात, आजी गेल्यापासून घर बंद. आता त्याच सड्यावर स्वतःची चित्रमालिका करायची आहे. सायनोटाइपचा, म्हणजे उन्हात निळी चित्रे छापण्याचा, संच आणून ठेवला आहे, पण परदेशी छायाचित्रकारांच्या वेट प्लेट, म्हणजे ओल्या काचेवर टिपलेली छायाचित्रे, पाहून मन तिकडे ओढते. ‘ओळख’ या विषयाला दोन्हींतली कोणती पद्धत न्याय देईल, एकटीने हे कसे जमवायचे आणि चित्रे किती टिकतील, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: ‘मोबाइलवर काढलेले सगळे फोटो नऊवारी नेसून केलेल्या फोटोशूटसारखे दिसतात.’

खरी अडचण मला त्या शेवटच्या वाक्यात दिसते. सडा हा मागचा पडदा आणि त्यापुढे उभी राहिलेली मी, अशी मांडणी कायम राहिली तर सायनोटाइपमध्ये निळे फोटोशूट होईल आणि वेट प्लेटमध्ये काचेवरचे. म्हणून पद्धत निवडताना ती दिसते कशी हे थोडे बाजूला ठेवा आणि ती तुमच्या शरीराचे, त्या जागेचे आणि वेळेचे काय करते ते आधी पाहा. मी कोल्हापुरात बरीच वर्षे या दोन्ही पद्धतींनी काम करते आहे आणि शिकवतेही, त्या अनुभवावरून सांगते. काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत. चेहरा दाखवायचा आहे का, गावी सलग किती राहता येईल, सोबत कोणी असेल का, आणि बंद घरात पाण्याची सोय कशी आहे, यावर माझे उत्तर थोडेफार बदलेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. एकोणिसाव्या शतकातल्या जवळजवळ सर्व पद्धतींना लाल रंग दिसत नाही. वेट प्लेट कोलोडियन, सॉल्ट प्रिंट (मीठ आणि चांदीचे क्षार लावलेल्या कागदावरचे चित्र), साधा ब्रोमाइड पेपर (कृष्णधवल फोटोंचा कागद) हे सगळे निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतात. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येते. लाल, पिवळे, हिरवे गडद येते. कुंकू काळे होते, हळद काळपट होते, सोने झाकोळते. आपली सावळी कातडी निळा प्रकाश फारसा परतवत नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसते त्याहून बरीच काळी उमटते. आता तुमचा सडा डोळ्यांसमोर आणा. जांभा लाल आहे. पावसाळ्यात त्यावरचे गवत हिरवे आहे. दोन्ही गडद होणार. म्हणजे ज्या जागी मोबाइल तुम्हाला दगडापासून वेगळे, उठावदार करून दाखवतो, त्याच जागी ही रसायने तुमची त्वचा आणि कातळ जवळजवळ एकाच छटेत आणतात, आणि वर आकाश कोरे राहते.

काहींना हे नको असते. त्यांना चेहरा उजळ हवा असतो आणि पद्धत चुकीची वाटू लागते. तुमच्या विषयासाठी मात्र हीच सगळ्यात मोठी सामग्री आहे, असे माझे ठाम मत आहे. मी या जागेची आहे का, हा तुमचा प्रश्न असेल, तर जी पद्धत माणूस आणि जमीन यांच्यातली सीमारेषा पुसट करते ती त्या प्रश्नाला थेट भिडते. हे खर्च न करता आधी तपासता येते. मोबाइलवरचे तेच फोटो एखाद्या एडिटरमध्ये उघडा आणि लाल व हिरवा चॅनेल बाजूला ठेवून फक्त निळा चॅनेल कृष्णधवल करून पाहा. कुठल्या साडीत तुम्ही दगडात मिसळता आणि कुठल्या साडीत पांढऱ्या ठिपक्यासारख्या वेगळ्या दिसता, ते लगेच कळेल. हिरवी नऊवारी विरघळेल, आकाशी साडी उजळून निघेल. कपडा ‘पारंपरिक’ आहे का, यापेक्षा हा निकष जास्त कामाचा आहे.

फोटोशूटसारखे दिसण्याचे आणखी एक कारण आपल्या इतिहासात आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्याच काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, 1863 आणि 1866 मध्ये. त्यातली माणसे एकीकडे टिपलेली आहेत आणि मागची दृश्ये दुसरीकडे. दोन्ही जोडून एक चित्र केले आहे, खाली जातीचे नाव. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा, ठरावीक पोशाखात उभा करायचा आणि सोयीच्या देखाव्यापुढे चिकटवायचा, ही सवय इतकी जुनी आहे. नऊवारी आणि नथ घालून आपण कातळावर उभे राहतो तेव्हा त्याच खंडांमधल्या एका पानाची पोज नकळत घेतो. बंगळूरच्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 या काळात केलेली मालिका जरूर पाहा. अशा वर्गीकरणाच्या छायाचित्रांतल्या पोज स्वतः घेऊन त्यांनी ती पद्धतच उघडी केली आहे. त्यांनी हे स्टुडिओत केले, पडदा हा पडदाच आहे हे दाखवत. तुम्ही सड्यावर करणार, म्हणजे तुम्हाला उलट बाजूने यावे लागेल: पडद्याला पडदा राहू द्यायचे नाही.

स्वतःला टिपण्याची परंपराही तेवढीच जुनी आहे. 1840 मध्ये पॅरिसच्या इपोलित बायार याने बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचे छायाचित्र काढले. त्यात चेहरा आणि हात उरलेल्या शरीरापेक्षा काळे दिसतात, आणि मागे लिहिलेल्या मजकुरात तो म्हणतो की प्रेत सडायला लागले आहे. लाल न दिसणारे रसायन उन्हात रापलेल्या कातडीचे जे करते, तेच त्याने कथेत ओढून घेतले. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनी वेट प्लेटवर स्वतःला वेगवेगळ्या रूपांत टिपले, त्यातले एक शिवभक्ताचे. राजा कोण आणि भक्त कोण, हे ते स्वतःच ठरवत होते. निसर्गातले काम म्हणाल तर कॅलिफोर्नियाच्या ॲन ब्रिगमन (1869–1950). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएरा नेवाडाच्या डोंगरांत वाऱ्याने पिळवटलेल्या झाडांमध्ये त्यांनी स्वतःचे, बहिणीचे आणि मैत्रिणींचे विवस्त्र देह टिपले, मग निगेटिव्हवर हाताने खरवडून, रंगवून शरीर आणि खोड एकमेकांत मिसळले. त्यांची नक्कल करू नका. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. झाडाच्या आकाराला शरीर उत्तर देते आहे, झाड शरीरासाठी सजवलेले नाही.

आता वेट प्लेट. मला ती मनापासून आवडते आणि तरीही तुमच्या या मालिकेची सुरुवात तिने करू नका, असे सांगेन. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये दिलेली ही पद्धत काचेवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतणे, सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये काही मिनिटे बुडवणे, ओली असतानाच कॅमेऱ्यात एक्स्पोज करणे (प्रकाश देणे) आणि वाळण्याआधी डेव्हलप करणे (रसायनाने प्रतिमा वर आणणे) अशी चालते. बऱ्या हवेत हाती दहा-पंधरा मिनिटे असतात, कडक कोरड्या उन्हात त्याहून बरीच कमी. म्हणजे अंधाराचा तंबू कातळावरच लागतो आणि तुमचे सगळे जग त्या तंबूपासून चार पावलांवर येते. कोलोडियनमध्ये ईथर असते आणि ते 34.6 अंश सेल्सिअसला उकळते. एप्रिल-मेमध्ये सड्यावर तापमान त्याच्या आसपास किंवा वर असते. बंद तंबूत ईथरची वाफ, शेजारी ठिणगी, आणि आत एकटे माणूस, हे मी कुणालाही करू देणार नाही. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल लागतो. जुन्या पुस्तकांत फिक्सिंगसाठी, म्हणजे प्रतिमा पक्की करण्यासाठी, पोटॅशियम सायनाइड सांगितलेले असते, त्याऐवजी हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरावा. हे सगळे शिकता येते, पण एखाद्या कार्यशाळेत, जाणत्या माणसासोबत आणि थंडीच्या दिवसांत. तोवर तुमचा विषय थांबवून ठेवायची गरज नाही.

माझा सल्ला असा आहे: पत्र्याच्या डब्याचा पिनहोल कॅमेरा (भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेला), त्यात पेपर निगेटिव्ह (कागदावरची उलट छटांची प्रतिमा), आणि त्यावरून सायनोटाइप.

बिस्किटांचा मोठा डबा आतून काळा रंगवा, एका बाजूला भोक पाडून त्यावर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ पत्रा लावा आणि त्यात सुईच्या टोकाने बारीक छिद्र करा. समोरच्या आतल्या भिंतीवर ब्रोमाइड पेपर. पेपर अतिशय मंद असतो, म्हणजे प्रकाशाला हळू प्रतिसाद देतो, त्यामुळे कडक उन्हातही एक्स्पोजर अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांपर्यंत जाते. ढगाळ हवेत आणखी. तुमच्या कामासाठी हा मंदपणा दोन कारणांनी मोलाचा आहे. पहिले म्हणजे एकटीने सगळे करता येते. झाकण उघडायचे, चालत जाऊन आपल्या जागी बसायचे, वेळ झाली की परत येऊन झाकण लावायचे. एक्स्पोजर पुरेसे लांब असेल तर येण्याजाण्याची वाट उमटत नाही. छिद्राला फोकस नसतो, त्यामुळे काठी रोवून अंतर मोजण्याचीही भानगड नाही. फक्त चौकटीच्या कडा कुठे येतात ते दोन दगड ठेवून ठरवून घ्या.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. दोन मिनिटे कुणी पोज धरू शकत नाही. पहिली वीस-तीस सेकंद माणूस कॅमेऱ्यासाठी बसलेला असतो, मग खांदे खाली येतात, श्वास चालू राहतो, नजर सुटते. पेपरवर जे उमटते ते या सगळ्याची बेरीज असते. दगड धारदार येतो आणि माणूस किंचित हललेला. विद्यार्थ्यांच्या कामात मी हे नेहमी पाहते: मोबाइलला सरावलेला चेहरा या बेरजेत टिकत नाही, आणि जे उरते त्यात घरातल्या कुणाचे तरी बसणे, कुणाची तरी मान दिसू लागते. आजीचा विषय तुम्ही मध्ये आणला आहे म्हणून सांगते, नऊवारी न नेसताही ती तिथे येऊ शकते.

घरी न्हाणीघरात लाल दिव्याखाली पेपर डेव्हलप करा, मोबाइलने त्याचा सपाट फोटो घ्या आणि हव्या त्या आकारात इंकजेटने पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापून घ्या. हे जुन्या पद्धतीत बसते का, असे कुणी विचारेल. माझ्या मते बसते, कारण प्रतिमा घडण्याचा क्षण त्या पेपरवर होऊन गेलेला असतो. अगदी शुद्ध काम हवे असेल तर मोठ्या कॅमेऱ्यात एक्स-रे फिल्म घालून थेट निगेटिव्ह करता येते. ती आपल्याकडे सहज मिळते आणि लाल दिव्यात हाताळता येते, फक्त बऱ्याच फिल्मवर दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर) असल्याने ओरखडे लवकर पडतात.

सायनोटाइपची रीत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये दिली, तीच मुळात आजही चालते. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिलीमध्ये, आणि लावायच्या वेळी दोन्ही समभाग. कागदाला लावून अंधारात वाळवायचे, निगेटिव्ह वर ठेवून उन्हात द्यायचे, पाण्याने धुवायचे. फेरिसायनाइड एरवी फारसे विषारी नसते, पण तीव्र आम्लाशी त्याची गाठ पडू देऊ नका, विषारी वायू सुटतो. तुमच्या दोन्ही जागांसाठी दोन सूचना. कोकणातल्या दमट हवेत रसायन लावलेला कागद आपोआप निळा पडू लागतो, म्हणून त्याच दिवशी वापरा आणि भर पावसाळ्यात छपाई पुण्याला आणा. उलट पुण्यात बोअरचे पाणी जड असते आणि क्षारयुक्त पाणी हा निळा रंग खाते, म्हणून पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घाला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण जागेला चित्राच्या आत आणण्याचा माझ्या माहितीतला हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. सायनोटाइपचा निळा रंग लोखंडाचा असतो. तुमच्या जांभ्याची लालीही लोखंडाचीच. आणि सह्याद्रीत एक झाड आहे ज्याचा लोखंडाशी संबंध शाई करणाऱ्यांना आणि रंगाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे: हिरडा. त्यातले टॅनिन लोखंडाला काळे करते. धुऊन वाळवलेला सायनोटाइप पाण्यात भिजवा, लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून त्यात तो फिका पिवळट होईपर्यंत ठेवा, नीट धुवा आणि मग हिरड्याच्या गाळलेल्या काढ्यात बुडवा. निळ्याच्या जागी तपकिरी-काळी प्रतिमा हळूहळू परत वर येते. सोडा न वापरता थेट काढ्यात टाकला तर गडद निळसर काळा मिळतो. हिरड्याची पूड काष्ठौषधींच्या दुकानात मिळतेच, पण गावात कुणाकडे झाड असेल तर तिथला हिरडा घ्या. मग मालिकेत काही चित्रे निळी, काही अर्धी वळलेली, काही पूर्ण काळी ठेवता येतील, आणि तो क्रम तुमच्या आणि गावाच्या नात्याबद्दल काय सांगतो हे ठरवणे तुमच्या हातात राहील. मी असते तर सगळी निळी ठेवली नसती. निळा रंग फार लवकर ‘छान’ दिसतो.

चेहरा दाखवायचा नसेल तर कॅमेराही नको. 1950 च्या सुमारास सुझन वाइल आणि रॉबर्ट रॉशेनबर्ग या अमेरिकन कलाकारांनी ब्लूप्रिंटच्या मोठ्या कागदावर माणसे झोपवून वरून दिव्याच्या प्रकाशाने पूर्ण देहाचे ठसे घेतले होते. तुम्ही हे सुती कापडावर, सड्यावर, उन्हात करू शकता. आजीचे जुने धुवट लुगडे असेल तर उत्तमच, पण आधी साबण आणि खळ पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याने धुवा, कारण साबण या निळ्याचा शत्रू आहे. रसायन लावणे आणि वाळवणे घरात, अंधारात. कातळावर कापड अंथरून वर पातळ पारदर्शक प्लास्टिक घ्या, म्हणजे घामाने रसायन अंगाला लागणार नाही. थंडीत सकाळी अकराच्या सुमाराला दहा ते वीस मिनिटे पडून राहायचे. शरीर जिथे टेकते तिथे पांढरे राहते, जिथे अंतर राहते तिथे कडा धूसर होतात. खालच्या कातळाचा खडबडीतपणाही कापडात थोडा उतरतो. धुण्यासाठी विहिरीचे पाणी बादलीत काढून घ्या आणि वापरलेले पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा सड्यावरच्या डबक्यात परत जाऊ देऊ नका. त्या डबक्यांवर पावसाळ्यात पुष्कळ जीव जगतात.

सड्यावर झोपण्याआधी आजूबाजूचे सुटे दगड काठीने हलवून पाहा. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसे हा विषारी साप सर्रास असतो आणि तो जांभ्याच्या रंगात मिसळून जातो. एकटीने जाताना घरातल्या किंवा वाडीतल्या कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगून जा. आणि राजापूर भागात कातळशिल्पे बरीच आहेत, मनुष्याकृतीही आहेत. त्यांच्या शेजारी झोपण्याचा मोह होईल, तो विषयाला धरूनही असेल, पण कोरलेल्या रेषांवर कापड, रसायन किंवा पाय काहीच येऊ देऊ नका. दुरून, त्यांच्याकडे पाहत बसलेले चित्र पिनहोलने घ्या.

टिकाऊपणाचेही तुम्ही विचारले आहे. सायनोटाइप सतत उजेडात राहिला तर फिकटतो, पण अंधारात हवेशीर ठेवला की बराचसा रंग परत येतो, म्हणून मूळ चित्रे उन्हाच्या भिंतीवर कायमची टांगू नका. हिरड्याने काळी केलेली चित्रे छपाईनंतर नीट, पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुवा, नाहीतर कागदाचा पांढरा भाग कालांतराने पिवळट होतो. कागद क्षारयुक्त बफर (आम्ल रोखण्यासाठी कागदात घातलेला पदार्थ) नसलेला घ्या. ‘आर्काइव्हल’ म्हणून विकले जाणारे बरेच कागद बफर केलेले असतात आणि सायनोटाइपला तेच बाधते. दुकानात विचारून कळले नाही तर एका तुकड्यावर रसायन लावून, वाळवून दोन दिवस अंधारात ठेवा. रंग बदलला तर तो कागद घेऊ नका. पहिली चाचणी गावी जाण्याआधी पुण्यातच, गच्चीवर, रसायन लावलेल्या कागदावर स्वतःच्या हाताचा पंजा ठेवून करा, आणि वेळा वहीत लिहून ठेवा. कोकणातले ऊन वेगळे निघेल, पण आकडे किती वर-खाली करायचे ते त्या वहीवरून कळेल.